४० पौंडांचे बूट

दणक्यात फेअरवेल घेऊन ज्या ऑफिसातून बाहेर पडलो, तिथेच परत जायचं? तेही आधीपेक्षा लहान खुर्चीवर? मँचेस्टर युनायटेडचा मिडफिल्डर पॉल स्कोल्स याने नेमकं हेच केलं होतं. त्याच्या करिअरची ही गोष्ट. आणि थोडीशी माझीही.

राजीनामा देताना माणूस सगळ्या ऑफिसला जे निरोपाचं मेल टाकतो ना, ते त्याने नंतर कधीही उघडून वाचू नये. मी वाचलं. आणि अक्षरशः उशीत तोंड खुपसून घेतलं!

त्याचं असं झालं. एका न्यूज चॅनलच्या डेस्कवर मी चार वर्षं काढली. रात्रपाळ्या, स्क्रीनखालच्या पट्टीतले ऱ्हस्व-दीर्घ, पहाटे चारचा तो मशीनचा गोड मिट्ट चहा. मग एक दिवस डोकं फिरलं आणि पेपर टाकला. केक कापला, ग्रुप फोटो काढला आणि ते मेल पाठवलं. 'आता स्वतःच्या अटींवर जगायचंय' वगैरे वाक्यं त्यात होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेटवरच्या वॉचमनकाकांनी हात जोडले. एकदम फिल्मी एक्झिट!

पुढचे चौदा महिने मी फ्रीलान्सर आहे. म्हणजे काय, तर सकाळी दहाला उठायचं स्वातंत्र्य आणि 'मॅडम, तुमचा चेक सहीला गेलाय' हे वाक्य तीन-तीन महिने ऐकायची सवय. चांगले लेखही झाले, खोटं कशाला बोलू? पण मनातून एक गोष्ट कबूल करायला मी तयार नव्हते. मला त्या डेस्कची आठवण येत होती. त्या गोंधळाची, त्या घाईची, रात्री अडीचला फुटलेल्या बातमीची.

आणि गेल्या महिन्यात जुन्या बॉसचा फोन आला. 'आठवड्यातून तीन दिवस ये. नव्या मुलांच्या कॉप्या बघायच्या. डेस्क हेड वगैरे नाही हं, ती जागा भरली. येतेस?'

मी म्हटलं, 'सांगते.' फोन ठेवला आणि पहिला विचार काय आला सांगू? पगाराचा नाही, कामाचा नाही. वॉचमनकाका काय म्हणतील!

मावसभावाला फोन लावला. आम्ही सगळे त्याला नुसतं 'दादा' म्हणतो. आयटीत आहे, चाळिशीला टेकलाय आणि मँचेस्टर युनायटेडचा असाध्य रोगी आहे. माझं सगळं रडगाणं त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, 'अगं, स्कोल्स आठवतो का तुला?'

आठवतो म्हणजे काय, दादा! त्या दिवशी तुझ्याच शेजारी बसले होते की मी.

कोथरूडमधला तो रविवार

८ जानेवारी २०१२. मी शाळेत होते. मावशीच्या घरी रविवार संध्याकाळची खिचडी आणि टीव्हीवर एफए कपची मॅच. मँचेस्टर सिटी विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. एकाच शहरातल्या दोन टीम, म्हणजे भाऊबंदकीच! मॅचच्या आधी टीमची यादी झळकली आणि दादा सोफ्यावरून उडालाच. राखीव खेळाडूंमध्ये नाव होतं, पॉल स्कोल्स.

मी विचारलं, 'त्यात काय एवढं?'

'अगं, तो रिटायर झालाय ना!'

खरंच झाला होता. ३१ मे २०११ ला स्कोल्सने निवृत्ती जाहीर केली होती. वय ३६. एकाच क्लबसाठी ६७६ मॅचेस, १५० गोल. ऑगस्टमध्ये त्याच्या सन्मानार्थ न्यूयॉर्क कॉसमॉसविरुद्ध खास मॅचही झाली. ओल्ड ट्रॅफर्डवर हजारो लोकांनी उभं राहून निरोप दिला. आपल्याकडे केक आणि ग्रुप फोटो, त्यांच्याकडे अख्खं स्टेडियम. एवढाच काय तो फरक!

त्यानंतर तो क्लबच्याच रिझर्व्ह टीमच्या पोरांना ट्रेनिंग द्यायला लागला. आणि इथेच घोळ झाला. रोज मैदानावर जायचं, पोरांबरोबर बॉल मारायचा, आणि शनिवारी मात्र कोट घालून बाहेर बसायचं. करमेना. आपण चुकलो, आपल्यात अजून खेळ शिल्लक आहे, हे त्याला कळून चुकलं. मग त्याने आधी असिस्टंट मॅनेजर माइक फेलन यांच्याकडे विषय काढला आणि नंतर सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्याकडे. फर्ग्युसन यांनी होकार दिला.

सगळं गुपचूप. इतकं गुपचूप, की बरोबरच्या खेळाडूंनाही मॅचच्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये कळलं. आता प्रश्न बुटांचा. कंपनीकडे मागावेत तर बातमी फुटणार. मग या माणसाने काय करावं? साध्या स्पोर्ट्सच्या दुकानात गेला आणि ४० पौंडांचे बूट विकत घेऊन आला. शाळेतल्या पोराला घेतात तसे! त्याची जुनी १८ नंबरची जर्सी तोवर अ‍ॅशले यंगला दिलेली होती. हा २२ नंबर घालून बसला.

आता तुम्हाला वाटेल, उतरला आणि जादूच केली. छे! दुसऱ्या हाफमध्ये तो आत आला तेव्हा युनायटेड पुढे होती. याचाच एक पास चुकला, त्यावरून सिटीच्या अग्वेरोने गोल ठोकला. दादाने उशी डोक्यावर धरली. मॅच ३-२ अशी कशीबशी जिंकली. मावशी आतून म्हणाली, 'एवढं घाबरायचं तर बघता कशाला रे?'

बुटका, दम्याचा, आणि तरीही...

थोडं मागे जाऊ या. नाहीतर हा माणूस एवढा मोठा का, ते कळायचं नाही.

पॉल स्कोल्सचा जन्म १६ नोव्हेंबर १९७४ चा, मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅलफर्डचा. वाढला जवळच्याच मिडलटनच्या लँग्ली वस्तीत. सरकारी घरांची, कामकरी लोकांची वस्ती. उंची जेमतेम पाच फूट सात इंच, लाल केस, दमा, वर वाढत्या वयातलं गुडघ्याचं दुखणं. फुटबॉलर म्हणून बायोडेटा पाठवला असता तर एचआरने पहिल्याच फेरीत बाजूला ठेवला असता. फर्ग्युसन यांनाही सुरुवातीला हा पोरगा फारच लहानखुरा वाटला होता, असं त्यांनीच पुढे कबूल केलं.

'क्लास ऑफ ९२' ही भानगड तुम्ही ऐकली असेल. बेकहॅम, गिग्ज, गॅरी नेव्हिल, निकी बट... मँचेस्टर युनायटेडच्या ज्युनिअर टीमने १९९२ मध्ये एफए यूथ कप जिंकला, ती ही बॅच. २०१३ मध्ये त्यांच्यावर डॉक्युमेंटरी निघाली आणि स्कोल्सही त्यात आहे. गंमत म्हणजे ९२ च्या त्या विजेत्या टीममध्ये तो नव्हताच! तो १९९३ च्या फायनलला खेळला आणि ती ते लीड्सकडून हरले. म्हणजे बॅचचा फोटो निघाला तेव्हा हा गैरहजर. ज्यांची गाडी एक वर्ष उशिरा सुटली, त्यांनी ही नोंद जरूर घ्यावी.

सिनिअर टीममध्ये पहिली मॅच सप्टेंबर १९९४ मध्ये, लीग कपमध्ये पोर्ट व्हेलविरुद्ध. फर्ग्युसन यांनी कोवळी पोरं उतरवली म्हणून आरडाओरडा झाला. स्कोल्सने दोन गोल केले, युनायटेड २-१ ने जिंकली. तीन दिवसांनी लीगमधली पहिली मॅच, इप्सविचला. तिथेही गोल, पण टीम हरली.

१९९५-९६ च्या सीझनच्या पहिल्याच मॅचमध्ये अ‍ॅस्टन व्हिलाने युनायटेडला हरवलं, तेव्हा बीबीसीवर अ‍ॅलन हॅन्सन यांनी सुनावलं होतं, की पोराटोरांना घेऊन काही जिंकता येत नसतं. त्याच पोराटोरांनी त्या वर्षी लीगही जिंकली आणि एफए कपही. हॅन्सन यांना ते वाक्य जन्मभर चिकटलं!

स्कोल्स आला तो स्ट्रायकर म्हणून. पण गोल मारणाऱ्यांच्या रांगेत मोठमोठी नावं होती. त्यामुळे तो हळूहळू मागे, मिडफिल्डमध्ये सरकला. मिडफिल्डर म्हणजे कोण? ऑफिसच्या भाषेत सांगते. प्रेझेंटेशन देणारा वेगळा, क्लायंटशी भांडणारा वेगळा. पण कुठली फाइल कोणाकडे आणि कधी जायला हवी हे ज्याला न बघता माहीत असतं, तो मिडफिल्डर. तो रजेवर गेला की सगळ्यांना कळतं, आज काहीतरी अडतंय.

बॉल येण्याआधीच मान वळवून चारही बाजू बघून घ्यायच्या आणि आला की एका टचमध्ये पन्नास यार्डांवरच्या माणसाच्या पायावर ठेवायचा. हा त्याचा फंडा. बार्सिलोनाचा झावी म्हणजे त्या जागेवरचा शहेनशाह. त्यानेच स्कोल्सला गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपण पाहिलेला सर्वोत्तम सेंट्रल मिडफिल्डर म्हटलं होतं. द्रविडच्या फॅन्सना हा माणूस लगेच कळेल. कव्हर पेजवर दुसरे, भरवसा याच्यावर.

फक्त एक गोष्ट त्याला शेवटपर्यंत जमली नाही. टॅकल! समोरच्याच्या पायातून बॉल काढायला गेला की रेफ्रीचा हात खिशात. प्रीमियर लीगमध्येच नव्वदच्या वर पिवळी कार्ड्स. २००८ च्या युरोपियन सुपर कपमध्ये तर पठ्ठ्याने चक्क हाताने बॉल गोलमध्ये ढकलला आणि बाहेर गेला. ग्रेट माणसांमध्ये असा एखादा दोष असला की बरं वाटतं, नाही?

सुटाबुटातली फायनल

१९९९. मँचेस्टर युनायटेडने एकाच सीझनमध्ये लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदं जिंकली ते वर्ष. एफए कपच्या फायनलमध्ये स्कोल्सने न्यूकॅसलविरुद्ध गोलही केला. पण चार दिवसांनी बार्सिलोनात बायर्न म्युनिकशी फायनल झाली तेव्हा तो सूट घालून बसला होता. एप्रिलमध्ये युव्हेंट्सविरुद्धच्या सेमीफायनलला पिवळं कार्ड मिळालं आणि फायनल हुकली. कॅप्टन रॉय कीनचीही तीच गत.

त्या फायनलच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत शेरिंगहॅम आणि सोल्स्कयार यांनी दोन गोल करून इतिहास घडवला. सगळं जग नाचत होतं. आणि ज्याने टीमला तिथवर आणलं त्यातला एक जण बाहेर उभा राहून टाळ्या वाजवत होता. प्रोजेक्टवर वर्षभर राबल्यानंतर लाँचच्या दिवशी तापाने झोपलेल्यांना हे दुःख वेगळं समजवायला नको.

हिशेब पुरा व्हायला नऊ वर्षं लागली. २९ एप्रिल २००८, सेमीफायनल, समोर बार्सिलोना. चौदाव्या मिनिटाला त्यांच्या डिफेंडरने घाईत मारलेला बॉल स्कोल्सच्या पुढ्यात आला. लांबूनच, साधारण पंचवीस यार्डांवरून त्याने तो असा हाणला की गोलकीपर नुसता झेपावला. दोन्ही लेग मिळून तेवढा एकच गोल. फर्ग्युसन यांनी शब्द दिला होता, फायनलच्या यादीत पहिलं नाव स्कोल्सचं. तो त्यांनी पाळला. मॉस्कोत चेल्सीला पेनल्टीवर हरवून युनायटेड जिंकली. या वेळी अंगात सूट नव्हता, जर्सी होती.

मधल्या काळात एक भयंकर भीतीही येऊन गेली होती. डिसेंबर २००५ मध्ये त्याला उजव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं. डोळ्याच्या पडद्याच्या नसेत अडथळा निघाला. ज्या माणसाचा सगळा धंदाच नजरेवर, त्याची नजर! त्या सीझनचे बाकीचे महिने गेले. तो परतला ते थेट मे २००६ च्या शेवटच्या मॅचला. करिअर संपलं असं अनेकांनी धरून ठेवलेलं असताना पुढच्याच सीझनमध्ये युनायटेडने पुन्हा लीग जिंकली आणि स्कोल्स त्या टीमच्या मधोमध होता.

'नाही' म्हणायचं वय

आता माझ्या आवडत्या भागाकडे येते. इंग्लंडच्या टीमकडून त्याने ६६ मॅचेस खेळल्या, १४ गोल केले. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये ट्युनिशियाविरुद्ध गोल, १९९९ मध्ये पोलंडविरुद्ध हॅटट्रिक, त्याच वर्षी स्कॉटलंडच्या घरी जाऊन दोन गोल. आणि मग लॅम्पार्ड आणि जेरार्ड आले. दोघेही मधोमध खेळणारे, दोघेही स्टार. युरो २००४ मध्ये मॅनेजर एरिक्सन यांनी तोडगा काढला. स्कोल्सला डाव्या कडेला सरकवलं.

ओळखीचं वाटतंय ना? नवा हायफाय माणूस जॉइन होतो आणि ज्याला ते काम सगळ्यात छान येतं त्याला म्हणतात, 'तू जरा त्या कोपऱ्यातलं बघ.'

ऑगस्ट २००४ मध्ये स्कोल्सने इंग्लंडला रामराम ठोकला. कारण दिलं ते घर आणि क्लब. डाव्या कडेचा राग होता, असं लोक आजही म्हणतात. तो मात्र तेच कारण होतं असं मानत नाही. एरिक्सन यांनी विनवलं, उपयोग नाही. २०१० च्या वर्ल्ड कपआधी कापेलो यांनी पुन्हा बोलावणं धाडलं. पुन्हा 'नाही'.

तेव्हा, म्हणजे २००४ मध्ये, त्याचं वय किती होतं? २९. आज माझंही तेच आहे. या वयात 'नाही' म्हणताना माझी जीभ टाळ्याला चिकटते. एवढ्या मोठ्या ठिकाणी नाही म्हणायचं तर स्वतःला काय हवंय ते चोख माहीत असावं लागतं. त्याला माहीत होतं. आदर्श दिवस कसा असावा असं त्याला एकदा विचारलं, तेव्हा उत्तर काय होतं? सकाळी ट्रेनिंग, मग मुलांना शाळेतून आणायचं, त्यांच्याशी खेळायचं, जेवण, त्यांना झोपवायचं, थोडा टीव्ही. बस! बरोबरचा बेकहॅम जगभरच्या होर्डिंग्जवर झळकत होता आणि याला मुलाखत द्यायचं म्हटलं तरी घाम फुटायचा.

अर्थात, तो काही संतबिंत नव्हता. २००१ मध्ये क्लबने २८ मिलियन पौंडांच्या वर मोजून व्हेरॉनला आणलं आणि स्कोल्सची नेहमीची जागा हलली. त्या नोव्हेंबरात आर्सेनलविरुद्ध लीग कपच्या मॅचला त्याला जायला सांगितलं, तर हा चिडून गेलाच नाही! दंड भरला, माफी मागितली आणि कामाला लागला. मला हे फार आवडतं. रुसला, पण रुसवा अंगावर घालून फिरला नाही.

परत जाऊन काय मिळालं?

तर, जानेवारी २०१२. परत आल्यावर आठवड्याभरातच बोल्टनविरुद्ध त्याने गोल केला. त्या सीझनमध्ये लीगच्या १७ मॅचेस खेळला, ४ गोल केले. एप्रिलमध्ये युनायटेड सिटीपेक्षा आठ गुणांनी पुढे होती. पेपरवाल्यांनी 'स्कोल्स आला आणि कप घेऊन गेला' टाइपच्या हेडलाइन्स मनातल्या मनात लावूनही ठेवल्या असतील.

आणि मग सगळं घसरलं. विगनकडून हार, एव्हर्टनशी ४-४, सिटीकडून हार. शेवटच्या दिवशी, १३ मे ला, युनायटेडची मॅच जिंकून झाली होती. तिकडे सिटीचा अग्वेरो जादा वेळेत गोल करून गेला. दोन्ही टीम्सचे ८९ गुण. कप सिटीला, तो फक्त गोलफरकावर.

हे मला दादाने फोनवर मुद्दाम आठवून दिलं. 'स्कोल्सचं नाव घेतलं म्हणून हुरळू नकोस. परत गेला आणि ती लीग हरला. परत जाणं म्हणजे गॅरंटी नसते.'

'मग सांगतोयस कशाला त्याचं उदाहरण?'

'कारण तो हरल्यावरसुद्धा म्हणाला नाही, की उगाच आलो.'

पुढच्या सीझनलाही तो थांबला. सप्टेंबर २०१२ मध्ये विगनविरुद्ध ७०० वी मॅच, आणि तिच्यात गोल. पण गुडघा कुरकुरत होता. लीगमध्ये १६ मॅचेस, तोच एक गोल. म्हणजे हीरो नव्हता, मधूनमधून लागणारा अनुभवी हात होता. एप्रिल २०१३ मध्ये युनायटेडने विसावी लीग जिंकली, मे मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर स्कोल्सही. शेवटची मॅच वेस्ट ब्रॉमशी, ५-५! स्कोल्स दुसऱ्या हाफमध्ये उतरला आणि... अंदाज करा... पिवळं कार्ड घेतलं. निरोप असावा तर असा.

ऑगस्ट २०११ चा तो मोठा सोहळा की मे २०१३ चं हे साधंसं जाणं, यातलं खरं कुठलं? मला वाटतं, दुसरं. पहिल्या वेळी सगळ्यांनी त्याला निरोप दिला होता, दुसऱ्या वेळी त्याचं स्वतःचं पोट भरलं होतं. त्या मधल्या ४२ मॅचेस आणि ५ गोल रेकॉर्डच्या दृष्टीने किरकोळ. पण त्या खेळल्या नसत्या तर जन्मभर एक ठसठस राहिली असती.

३१ दिवस

गोष्ट इथेच संपवली असती तर छान मॉरल मिळालं असतं. 'मन सांगेल ते ऐका' वगैरे. पण एक शेपूट आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये स्कोल्स ओल्डहॅम अ‍ॅथलेटिकचा मॅनेजर झाला. लहानपणापासून त्याचा लाडका क्लब. पहिलीच मॅच ४-१ ने जिंकली. पुढच्या सहांत एकही विजय नाही. आपल्याला हवं तसं काम करता येणार नाही हे लक्षात आलं आणि मार्चमध्ये त्याने राजीनामा दिला. एकूण ३१ दिवस! आपल्याकडे एवढ्या दिवसांत तर आयकार्डसुद्धा हातात पडत नाही.

लोक हसले. पण मला त्यात तोच माणूस दिसतो. इंग्लंडला 'नाही' म्हणणारा, युनायटेडला पुन्हा 'हो' म्हणणारा, ओल्डहॅमला महिन्यात 'बास' म्हणणारा. तिन्ही वेळा त्याला कोणी ना कोणी वेड्यात काढलंच. टीव्हीवर एक्स्पर्ट म्हणून त्याचं बस्तान बसलं होतं, तेही काम घरच्या जबाबदारीसाठी आपण कमी केल्याचं त्याने २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे त्याचा तो आदर्श दिवस अजून बदललेला नाही.

आपण करिअरचा विचार जिन्यासारखा करतो. वर, वर, आणखी वर. उतरलो की हरलो. या माणसाचं करिअर मात्र मिडफिल्डसारखं आहे. कधी पुढे, कधी मागे, कधी पूर्ण वळून. बॉल कुठे आहे आणि आपण कुठे उपयोगी आहोत, एवढंच बघायचं.

हे सगळं लिहून झालं, पण माझा फोन अजून तसाच पडून होता. शेवटी मीच स्वतःला विचारलं. पगार, पोस्ट, मान, सगळं बाजूला ठेव. रात्री अडीचला बातमी फुटली तर तुला तिथे असायचंय की नाही? उत्तर यायला पाच सेकंदही लागली नाहीत.

जुन्या बॉसना फोन केला. 'मॅडम, येते. पण तीनच दिवस. बाकीचे चार माझे.' त्या हसल्या. म्हणाल्या, 'तुझं ते मेल अजून आहे हं माझ्याकडे!'

पहिल्या दिवशी गेटवर पाय अडखळला. आयकार्ड नाही, रजिस्टरमध्ये 'व्हिजिटर' म्हणून सही करायची पाळी. वॉचमनकाकांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. मी उत्तराची तयारी करूनच गेले होते.

'काय मॅडम,' ते म्हणाले, 'लांबच्या सुट्टीवर होता का?'

मी म्हटलं, 'हो काका.' आणि आत गेले. चहाचं मशीन बदललंय. चहा तसाच गोड मिट्ट आहे.

स्कोल्स एका नजरेत

जन्म : १६ नोव्हेंबर १९७४, सॅलफर्ड
क्लब : मँचेस्टर युनायटेड, फक्त आणि फक्त!
मॅचेस : ७१८, गोल : १५५
इंग्लंडसाठी : ६६ मॅचेस, १४ गोल (१९९७ ते २००४)
प्रीमियर लीग : ११ वेळा
एफए कप : ३ वेळा
चॅम्पियन्स लीग : २ वेळा (१९९९, २००८)
निवृत्ती : २०११. आणि पुन्हा २०१३!